‘सर्व सहकारी मनमिळाऊ आहेत’ याच्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षं सेवा झालेल्या एका शिक्षिकेला वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीच्या प्रशिक्षणातल्या स्वाध्यायासाठी ‘सहकारी शिक्षकांसोबतचं माझं काम’ यावर चिंतन लिहायचंय. शाळा जिल्हा परिषदेची, सात शिक्षकांची. त्यांनी लिहिलं, ‘माझे सर्व सहकारी मनमिळाऊ आहेत. शाळेत खेळीमेळीचे वातावरण असते. आम्ही सर्व उपक्रम एकत्र राबवतो.’ आणि पेन थांबलं. यात खोटं काहीच नाही, पण वाचून माझंच समाधान होत नाही, असं त्या म्हणतात. आमच्यात खरंच व्यावसायिक म्हणावं असं सहकार्य आहे का, ते ओळखायचं कसं आणि लिहायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

बाई, पेन थांबलं ते बरंच झालं. ही तीन वाक्यं मी स्वतः कितीदा लिहिलीत. मुख्याध्यापक झाल्यावर दुसऱ्यांच्या गोपनीय अहवालातसुद्धा लिहिली. ती खोटी नसतात, पण चाळीतल्या शेजाऱ्यांबद्दलही तशीच्या तशी लिहिता येतात. त्यात मूल नाही, फळा नाही, वही नाही.

माझी नोकरी वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत सुरू झाली आणि सातवीपर्यंतच्या शाळेची मुख्याध्यापक म्हणून संपली. या काळात सोबत काम केलेल्यांची मोजदाद केली तर चाळीसेक नावं निघतील. त्यांतल्या ज्यांच्यामुळे माझं शिकवणं बदललं असे पाच-सहाच. त्या पाच-सहांतले दोघं तर मला फारसे आवडतही नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘मनमिळाऊ’ या शब्दावर आपण फार भार टाकतो.

डब्याला मी कमी लेखत नाही. मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यातली भाजी खाल्ल्याशिवाय कोणी कोणाला ‘मला अपूर्णांक शिकवता येत नाहीत’ असं सांगत नाही. पण डबा खाऊन झाल्यावर आपण बोलतो काय, हे एकदा आठवडाभर ऐकून बघा. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या आकडेवारीची माहिती, कुठली तरी लिंक आजच भरायची आहे, बदलीचं पोर्टल, कोणाच्या मुलाची दहावी, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब. मुलांचा विषय निघतो तोही ‘त्या पोराला काही येत नाही हो’ इथपर्यंत. काय येत नाही, कुठे अडतंय, तुमच्या वर्गात असताना काय करायचा, इथपर्यंत गाडी जात नाही.

ज्युडिथ वॉरन लिटल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली शिक्षकांच्या एकत्र येण्याचे चार प्रकार मांडले होते. एक, किस्से सांगणं. दोन, कोणी मागितली तर मदत करणं. तीन, साहित्य एकमेकांना देणं. आणि चौथा, मिळून काम करणं, म्हणजे ज्यात माझ्या वर्गाचं बरंवाईट तुमच्या कामावर अवलंबून आहे आणि तुमच्या वर्गाचं माझ्या. पहिले तीन आपल्याकडे भरपूर आहेत. व्हॉट्सॲपच्या गटावर रोज किती स्वाध्यायपत्रिका येतात! उघडतो किती, ते आपलं आपल्याला माहीत. चौथा प्रकार क्वचित घडतो, आणि घडतो तेव्हा बहुतेक वेळा अपघाताने. माझ्या बाबतीत तो पावसामुळे घडला. ती गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं होतं.

२०१२ चा जुलै. तिसरीच्या वर्गाचं छत गळायला लागलं, म्हणून तिसरीच्या बाई त्यांची मुलं घेऊन माझ्या चौथीच्या वर्गासमोरच्या व्हरांड्यात आल्या. दोन वर्ग, एक व्हरांडा, पत्र्यावर पाऊस. बोललेलं कोणाला ऐकू जाईना, तेव्हा सगळ्यांना एकच वजाबाकी लिहून दिली : ४०३ वजा १५७. पाटीवर करा आणि पाटी जमिनीवर ठेवा. त्या दिवशी दोन्ही वर्ग मिळून एक्केचाळीस मुलं हजर होती. एरवी मी बरोबर-चूक खूण करत पुढे गेले असते. पण पाट्या जमिनीवर होत्या आणि बाई वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘सारख्या उत्तरांच्या एकत्र ठेवू या का?’ बस, एवढंच.

सतरा पाट्यांवर २४६, म्हणजे बरोबर. आठांवर ३५४. ते दोघींनाही लगेच कळलं : मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढत होतं, वर कोण नि खाली कोण हे न बघता. सातांवर २५६. इथे थोडं डोकं चालवावं लागलं. मुलानं शतक मोडून शून्याचे दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायला विसरलं. ही चूक वर्षानुवर्षं ‘घाई’ म्हणून मी सोडून देत होते. सात मुलांनी एकाच जागी घाई केली असेल असं मला तोवर वाटत होतं!

आणि पाच पाट्यांवर २३६. हे काही केल्या उलगडेना. एका मुलीची पाटी उचलली. वर चारावर काट मारून तीन, शून्यावर काट मारून नऊ, तीनाचे तेरा. सगळं नीट. पण खाली १५७ मधल्या पाचाशेजारीही एक बारीकसा १ लिहिलेला. तेरातून सात गेले सहा, मग नवातून पाच नाही, सहा वजा केलेले, तीन. तिला विचारलं, ‘अगं, हा खालचा एक कशाला?’ ती म्हणाली, ‘वरचं शाळेतलं, खालचं आईचं.’

तिला दोन्हीकडची माणसं राखायची होती.

आईची रीत कुठली, तर आपल्या आधीच्या पिढीची. ‘तीनातून सात जात नाहीत, तेरातून सात गेले सहा, हातचा एक. पाच नि एक सहा. शून्यातून सहा जात नाहीत, दहातून सहा गेले चार, हातचा एक. एक नि एक दोन, चारातून दोन गेले दोन.’ चाल लावून म्हणता येते ही. आणि ती त्या आयांना शिकवली होती आमच्याच शाळेतल्या गुरुजींनी. ते पूर्वी याच गावात होते, बदली होऊन दुसरीकडे गेले आणि निवृत्तीच्या आधी परत आले. आता पाचवी त्यांच्याकडे होती. म्हणजे मूल तिसरी-चौथीत आमच्याकडे दशक सुटा करायला शिकायचं, घरी आईची रीत बघायचं आणि पाचवीत गेल्यावर गुरुजी म्हणायचे, ‘ही खाडाखोड कशाला? असं कर.’ आम्ही तिघं एकाच मस्टरवर सही करत होतो, खिचडीची चव रोज एकमेकांना विचारत होतो, आणि एकाच मुलीला दोन दिशांना ओढत होतो. ‘आम्ही सर्व उपक्रम एकत्र राबवतो’ हे वाक्य त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात आहे. अक्षर माझंच आहे.

आता माझी चूक सांगते. त्याच दिवशी दुपारी कार्यालयात, सगळ्यांसमोर, मी उत्साहात म्हणाले, ‘गुरुजी, ती जुनी पद्धत आता बंद करा, मुलांचा गोंधळ होतोय.’ गुरुजी काही बोलले नाहीत. पुढचा आठवडाभरही बोलले नाहीत. मी तेव्हा चौदा वर्षं नोकरी झालेली बाई, त्यांची तीस होत आली होती. माझा मुद्दा बरोबर होता की नाही हा प्रश्नच नव्हता. चारचौघांत मी त्यांच्या साऱ्या नोकरीवर ‘जुनी’ असा शेरा मारला होता.

कोंडी फोडली तिसरीच्या बाईंनी. त्या पाट्या घेऊन गुरुजींकडे गेल्या आणि विचारलं, ‘गुरुजी, तुमच्या रीतीत वर दहा वाढवतो आणि खाली एक. हे चालतं कसं? मला आजवर कळलेलं नाही.’ खरं तर मलाही कळलेलं नव्हतं, पण मी ते विचारलं नव्हतं, मी बंद करायला सांगितलं होतं. गुरुजींनी खडू घेतला. म्हणाले, ‘आई तीस वर्षांची, मुलगी आठ वर्षांची. फरक किती? दहा वर्षांनी फरक किती? तेवढाच ना? दोघींची वयं सारखी वाढली तर फरक हलत नाही. वरच्या संख्येत दहा वाढवले ते एककाच्या घरात, सुटे. खालच्या संख्येत दहा वाढवले ते दशकाच्या घरात, म्हणून ते एक दिसतात. झालं.’

झालं! चौदा वर्षं गणित शिकवून मला ठाऊक नव्हतं ते चार वाक्यांत झालं. डी.एड.ला कोणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार.

त्यानंतर आम्ही तिघांनी बसून ठरवलं. दुसरी ते चौथी, काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी करायची. बोलताना सगळ्यांनी ‘दशक सुटा केला’ असंच म्हणायचं, कोणी ‘उसना’ आणि कोणी ‘हातचा’ नाही. पाचवीत गेल्यावर गुरुजी आईची रीत मुद्दाम शिकवतील, वयाच्या उदाहरणासकट, आणि दोन्ही रीतींनी एकच उत्तर का येतं ते मुलांकडूनच काढून घेतील. पालक सभेला आयांना आम्ही दोन्ही रीती फळ्यावर दाखवल्या आणि चौथीपर्यंत घरी शाळेची रीत वापरा म्हणून विनंती केली. तुमची चूक आहे असं म्हटलं नाही. गुरुजीच समोर उभे होते, त्यामुळे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी मान्य केलं. मी सांगितलं असतं तर केलं असतं की नाही, शंका आहे.

दिवाळीपर्यंत २३६ वाल्या पाट्या दिसेनाशा झाल्या. २५६ वाली चूक मात्र मार्चपर्यंत चार मुलांत तशीच राहिली, आणि ती कशी काढायची हे आम्हाला त्या वर्षी जमलं नाही. तेही लिहायचं असतं. चिंतनात सगळं सुटलेलं दाखवलं की ते अहवालासारखं दिसायला लागतं.

या सगळ्यात ‘सहकार्य’ नेमकं कुठे झालं, ते तुम्हीच बघा. पाट्या जमिनीवर होत्या तेव्हा सुरू झालं. समोर मुलाचं काम होतं, शिक्षकाचं नव्हतं. मी गुरुजींच्या शिकवण्यावर बोट ठेवलं तेव्हा ते बंद पडलं. बाईंनी पुन्हा पाटी पुढे केली तेव्हा परत चालू झालं. तेव्हापासून कोणाशी शिकवण्याबद्दल बोलायचं असेल तर मी हातात मुलाची वही घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. वही मधे असली की माणसं वहीकडे बघतात. नसली की एकमेकांच्या तोंडाकडे.

दुसऱ्याच्या वर्गात बसण्याचंही तसंच. आपल्याकडे वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक. तो बसतो, बघतो आणि शेरेबुकात लिहितो. त्यामुळे शेजारच्या वर्गातली बाई जरी मागे येऊन बसली तरी आपला हात आपोआप टाचणवहीकडे जातो. जपानमधल्या प्राथमिक शाळांत शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली एक पद्धत आहे, जुग्यो केंक्यू म्हणतात तिला. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यांतला एक शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, मग बसून बोलतात. बघतात कोणाकडे, तर मुलांकडे. आणि पाठ सगळ्यांचा असल्यामुळे फसला तरी शिकवणाऱ्या एकट्याचा फसत नाही.

आम्हाला पाच जण कुठून मिळणार! आम्ही दोघींनीच करून पाहिलं. तिसरीच्या बाईंना मी सांगितलं, माझ्याकडे बघू नका, खिडकीजवळच्या रांगेतल्या या तीन मुली तासभर काय करतात तेवढंच लिहा. त्यांनी लिहिलेला कागद माझ्याकडे अजून आहे. एका मुलीपुढे लिहिलंय, ‘१२.१०, पेन्सिलला टोक. १२.१६, शेजारणीचं बघून लिहिलं. १२.२५, हात वर केला, बाईंचं लक्ष नाही. १२.२६, हात खाली. त्यानंतर हात वर केला नाही.’ मला त्या तासाला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पाठ रंगला, मुलं भराभर उत्तरं देत होती. देत होती, पुढची नऊ. कागदावर शेरा नव्हता, सूचना नव्हती. फक्त वेळा होत्या. त्या रात्री झोप नीट लागली नाही. शेरेबुकातल्या कुठल्याच शेऱ्याने माझी झोप उडवलेली नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या वर्गात बसले. हे फिटंफाट होणं फार गरजेचं असतं. नाहीतर एक जण डॉक्टर आणि दुसरा पेशंट, असं होऊन बसतं.

सहकार्य वरून लादता येतं का? मी लादून पाहिलंय. २०१६ मध्ये मुख्याध्यापक झाल्यावर मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास ‘सहविचार सभा’ सुरू केली. रजिस्टर आखलं, रकाने पाच : तारीख, विषय, चर्चा, निर्णय, सह्या. पहिले तीन शनिवार छान गेले. दिवाळीनंतर ‘चर्चा’ या रकान्यात ‘सखोल चर्चा झाली’ एवढंच दिसायला लागलं. नोव्हेंबरात एकदा गुरुवारी रजिस्टर उघडलं तर येत्या शनिवारच्या सभेचा वृत्तांत आधीच लिहून तयार, चार सह्यांसकट. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. माणसांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की ही सभा रजिस्टरसाठी आहे. अँडी हार्ग्रीव्ह्ज नावाच्या अभ्यासकाने अशा बळेच आणलेल्या सहकार्यावर बरंच लिहिलंय. ते मला नंतर कळलं, रजिस्टरने आधी शिकवलं.

सभा बंद केली. त्याऐवजी शुक्रवारी मधल्या सुट्टीत टेबलावर तीन मुलांच्या वह्या ठेवायच्या, ज्याला बसायचं त्याने बसावं, नोंद नाही, सही नाही. आधी दोघी बसल्या, वर्षअखेरीला चौघं झाले. दोघं शेवटपर्यंत बसले नाहीत. त्यांच्यातल्या एकांचा वर्ग शाळेत सगळ्यात चांगला होता, त्यामुळे मला काही बोलताही येईना.

महिन्याच्या शिक्षण परिषदेबद्दलही तुम्ही विचाराल, म्हणून सांगते. तिची कल्पना चांगली होती, केंद्रातल्या शाळांनी एकत्र येऊन अडचणी मांडायच्या. ज्या केंद्रप्रमुखांनी सूचनावाचन अर्ध्या तासात आटोपलं आणि उरलेला वेळ एखाद्या शिक्षकाच्या हाती दिला, तिथे ती चालली. ज्यांनी दिवसभर परिपत्रकं वाचली तिथे चहाच तेवढा गरम होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितलेत. तास भरतीलच हो. आपण भरण्यात तरबेज आहोत.

नकलेबद्दलही एक. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं काम २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळात राज्यभर गाजलं. गाड्या भरभरून शिक्षक बघायला गेले, आम्हीही गेलो. परत आल्यावर आम्ही पहिल्या रविवारी काय केलं, तर वर्गणी काढून ऑइलपेंट आणला आणि फरशीवर चौकटी, संख्यारेषा, बाराखडी रंगवली. तिथल्या शिक्षकांनी एकमेकांशी काय बोलून, काय टाकून, काय धरून हे उभं केलं असेल, ते आम्ही विचारलंच नाही, फोटो काढले. आमची संख्यारेषा दीड वर्षात पुसली गेली. मधल्या काळात मुलं तिच्यावर लंगडी खेळली, ते काही वाईट झालं नाही म्हणा.

वाडीवरच्या माझ्या पहिल्या शाळेत मात्र सहकार्य टाळायची सोयच नव्हती. एक खोली, चार इयत्ता, दोन शिक्षक, पाठीला पाठ लावून. ते पहिली-दुसरीला बडबडगीत घ्यायला लागले की माझी तिसरी-चौथी कामातून गेली. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांपेक्षा मोठ्याने बोलत होतो. मग एके दिवशी ते म्हणाले, ‘तुम्ही लेखन कधी घेता तेवढं सांगा, मी तेव्हा गाणी घेतो.’ त्यातून वेळापत्रक झालं, वेळापत्रकातून पुढे ‘तुमच्या चौथीतली दोन मुलं माझ्या पहिलीला वाचून दाखवतील का’ इथपर्यंत गेलो. आपल्या राज्यात अशा शाळा थोड्याथोडक्या नाहीत; साठपर्यंत पट असला की शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला दोनच शिक्षक. त्या दोघांचं पटलं नाही तर मुलांना तिसरा पर्याय नसतो. आमचं स्वभावाने कधीच पटलं नाही. कामात पटलं, ते खोली एकच होती म्हणून.

काही गोष्टी चिंतनात कोणी लिहीत नाही, पण त्या असतात. श्रेयाची गोष्ट. उपक्रम चौघांनी केलेला असतो आणि पुरस्काराच्या प्रस्तावात एकाचंच नाव जातं, कारण प्रस्ताव व्यक्तीचाच मागतात. अशा एका प्रस्तावाने आमच्या शाळेतली पाच वर्षांची मैत्री संपलेली मी पाहिलीय. दोष त्या माणसाचा किती आणि नमुन्यातल्या ‘शिक्षकाचे नाव’ या एका ओळीचा किती, मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसरी, कामचुकारपणाची. सोबतचा माणूस वर्गावर जातच नसेल तर पाट्या-वह्यांचं हे सगळं बोलणं फोल आहे. तो मुख्याध्यापकांनी हाताळायचा विषय, त्याला सहकार्याच्या गोड कागदात गुंडाळू नका. आणि तिसरी, बदली. गुरुजी निवृत्त झाले, तिसरीच्या बाई पुढे ऑनलाइन बदल्यांत दुसऱ्या तालुक्यात गेल्या. नवीन आलेल्या बाईंनी पहिल्याच महिन्यात मुलांना ‘उसना घ्या’ म्हणून सांगितलं. आमचं ठरलेलं कुठे लिहून ठेवलेलंच नव्हतं. तिघांच्या डोक्यात होतं. मग मी एका शंभरपानी वहीत लिहायला घेतलं : कोणत्या इयत्तेत कोणता शब्द वापरतो, का, आणि कोणत्या चुका कशा येतात. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. ती वही कोण उघडतं की नाही, आता माझ्या हातात नाही.

आता तुमच्या स्वाध्यायाकडे येते. ती तीन वाक्यं खोडू नका, बाजूला ठेवा. गेल्या दोन-तीन वर्षांतला एक दिवस आठवा, ज्या दिवसानंतर तुमच्या वर्गात काहीतरी वेगळं झालं आणि ते दुसऱ्या शिक्षकामुळे झालं. मोठं काही नको. एखादा शब्द तुम्ही वापरायचा थांबवला असेल, एखाद्या मुलीला पुढे बसवलं असेल. त्या दिवसापासून लिहायला सुरुवात करा. समोर काय होतं, कोण काय म्हणालं, तुमचं म्हणणं काय होतं आणि त्यातलं तुम्ही काय सोडून दिलंत. हा शेवटचा भाग अवघड जातो. मिळून काम केलं आणि माझं काहीच बदललं नाही असं लिहिताना आढळलं, तर बहुधा ते लिटलबाईंच्या चार प्रकारांतलं दोन-तीन क्रमांकाचं काम होतं, साहित्य दिलं-घेतलं एवढंच. तसं असेल तर तसंच लिहा. बारा वर्षांत असा एकही दिवस आठवला नाही तरी तेच लिहा, आणि का आठवला नाही ते शोधा. परीक्षकांनी ‘खेळीमेळीचे वातावरण’ इतक्या वेळा वाचलेलं असतं की असं काही समोर आलं तर ते बहुधा चष्मा पुसतील.

मतभेद गाळू नका, पण माणूस ओळखू येईल असंही लिहू नका. ‘एक ज्येष्ठ सहकारी’ पुरतं.

आणि द्यायच्या आधी मसुदा त्या सहकाऱ्यांना वाचायला द्या. मी वजाबाकीचा हा प्रसंग निवड श्रेणीच्या, म्हणजे तुमच्या पुढच्या वेतनश्रेणीच्या वेळी लिहिला होता. तिसरीच्या बाईंना फोन करून वाचून दाखवला. मी लिहिलं होतं, ‘मी पाट्यांचे उत्तरानुसार गट केले आणि माझ्या लक्षात आले की...’ त्या पलीकडून म्हणाल्या, ‘बाई, पुन्हा वाचा बरं ते.’ मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, ‘गट करू या असं कोण म्हणालं होतं?’ मी फोन तसाच कानाला धरून ‘मी’वर काट मारली आणि वर बारीक अक्षरात ‘बाईंनी’ असं लिहिलं.